टोमॅटोला लावलेला गज

बाबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि वळकटी स्वतःच्या हाताने होडीत ठेवली. मी हात पुढे केला तर त्यांनी खांदा फिरवून घेतला. साठी उलटलेला माणूस, पण आपलं ओझं दुसऱ्याकडे देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. माझ्याही नाही. ही सगळी गोष्ट त्या रक्ताचीच आहे म्हणा.

खलाशी म्हणून मी आधीही कितीतरी वेळा गाव सोडला होता. तेव्हा एक ट्रंक असायची आणि परत यायची तारीख असायची. या खेपेला होडीत बायको होती, तिच्या मांडीवर आमचा सुरेश होता, आणि घरातली मोठी पातेली होती. पातेली घेऊन निघालेला माणूस परत येत नाही, हे बाबांना न सांगता कळलं होतं. म्हणून त्यांनी वळकटीत, आईने शिवलेल्या गोधडीच्या आत, घरची ठासणीची बंदूक गुंडाळून दिली.

"रिकाम्या हातान परदेशात जाव नये, झिला," असं म्हणाले. "हेका भितीक लाव. आपला घर खयचा ता लोकांका कळूक होया." परवान्याचं काय, म्हणून मी विचारलं, तर हसले. "कोणी इचारल्यान तर खाडीत पडली म्हणान सांगतलंय."

बोटीवरच्या माणसाची वळकटी कोण उघडतो? साउथहॅम्प्टनच्या धक्क्यावर मी ती खांद्यावर टाकली आणि चालत बाहेर आलो. मी चोरी केली नाही. पण दाखवलंही नाही.

गावाकडच्या मंडळींनो, आणि माझ्यासारख्या पातेली घेऊन निघालेल्यांनो, मी चौथी शिकलेला माणूस आहे. अंकासाठी लिहा म्हणून इथल्या मराठी मंडळातली पोरं मागे लागली होती, "काका, बोटीवरच्या गमती लिहा." गमती दुसरं कोणी लिहील. मी हे लिहितो. शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या, पण मजकुराला हात लावायचा नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठासणीची म्हणजे तोंडाकडून भरायची. आधी दारू, मग चिंध्या, मग छर्रे, आणि लोखंडी गजाने ठासून घट्ट करायचं. तो गज बंदुकीच्या पोटाखालीच अडकवलेला असतो. आमच्याकडे ती डुकरांसाठी होती. भात पिकायला लागलं की रानडुकरं उतरायची, नारळावर वानर यायचे. एक बार काढला की सगळं रान गप्प. दसऱ्याला कोयता, विळा, नांगराचा फाळ आणि ही बंदूक, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं.

बाबांनी मला ती लहानपणीच हातात दिली होती, पण आधी एक गोष्ट शिकवून. "हातात घेतलंस की पयलो गज टाक. गज तळाक गेलो तर रिकामी. नाय गेलो तर भरलेली. रिकामी म्हणान ठेवलेलीच माणूस मारता." हे वाक्य मला देवाच्या आरतीसारखं पाठ होतं. नुसतं पाठ होतं.

इथे मी जहाजांना रंग मारायच्या कामाला लागलो. टांगलेल्या फळीवर उभं राहून अख्ख्या बोटीचं पोट खरवडायचं आणि रंगवायचं. कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं भाड्याचं घर मिळालं, त्या दिवशी फर्निचर नव्हतं, पडदे नव्हते, पण फ्रंट रूममध्ये खिळा मारून मी बंदूक लावली. बायको म्हणाली, "आधी पोराला खाट बघा." मी ऐकलं नाही. ती बिचारी पुढे सगळं घर पुसायची, पण तेवढा भाग सोडून. "त्या मेलीला मी हात लावणार नाही," म्हणायची. ती गेली तोपर्यंत तिने लावलाही नाही. शहाणी होती. मी तिला भित्री म्हणायचो.

गज मात्र मी पहिल्याच उन्हाळ्यात काढला. मागे जमिनीचा तुकडा होता, त्यात टोमॅटो लावले होते. बांबू इथे दुकानातून विकत घ्यायचा, ही कल्पनाच मला सहन होईना. बंदुकीचा गज सरळ, लांब, लोखंडी. ठोकला जमिनीत आणि रोप बांधलं. म्हटलं, आता हिला कोण भरणार आहे? तेव्हापासून तो तिथेच. दरवर्षी टोमॅटो त्याच्यावर चढतात.

आणि बंदूक? बंदूक म्हणजे आमचं घराणं झालं. कोणी इंग्रज शेजारी आला की मी त्याला तिच्यासमोर उभा करायचो. डॉकमध्ये मला कोणी नावाने हाक मारत नव्हतं, पण माझ्या फ्रंट रूममध्ये येऊन "इज दॅट रिअल?" म्हणून डोळे मोठे करायचे. त्यासाठी ती होती. खरं सांगायचं तर फक्त त्यासाठीच.

दसऱ्याला खाली काढायचो, नारळाचं तेल लावायचो, पाटावर ठेवून हळदकुंकू, फूल. निरांजन ओवाळायचो, अगदी जवळून. आणि मी एक रीत काढली होती, गावची नव्हे, माझी. घरातलं मूल नीट बसायला लागलं की पहिल्या दसऱ्याला त्याच्या मांडीत बंदूक द्यायची आणि फोटो काढायचा. सुरेशचा आहे. त्याच्या मुलीचा, म्हणजे माझ्या नातीचा, अनूचा आहे. दस्ता जमिनीवर, नळी वर, आणि नळीच्या तोंडाशेजारी पोरीचा गाल. हॉलमध्ये ते फोटो शेजारी शेजारी लावले होते. मी येताजाता बघायचो आणि छाती फुगायची.

अनू पाच वर्षांची होती तेव्हा स्कॉटलंडच्या एका लहान गावातल्या शाळेत एक माणूस बंदुका घेऊन शिरला आणि त्याने वर्गातली मुलं मारली. त्या बाळांची वयं अनूएवढीच होती. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये रंगाने माखलेली आडदांड माणसं टेबलावर डोकं टेकवून रडली, मी पाहिलं आहे. पुढे हाय स्ट्रीटला बायका टेबल टाकून सह्या घेत होत्या, लोकांकडची पिस्तुलं बंद करा म्हणून. मी रांगेत उभा राहिलो. इंग्रजीत सही केली, ठसठशीत, पूर्ण नावाची. घरी आलो, बूट काढले आणि बंदुकीखालच्या खुर्चीत बसून चहा प्यायलो. मला काही खटकलं नाही. ती पिस्तुलं, त्या वेड्या माणसांच्या वस्तू. माझी तर देवाची, कुंकू लावलेली. या देशाने पुढे कायदा बदलला. मी माझा खिळासुद्धा बदलला नाही.

अनू आता शाळेत टीचर आहे, लहान मुलांची. तिच्या शाळेला कुंपण आहे, दाराला बझर आहे, गळ्यात कार्ड असल्याशिवाय कोणी आत जात नाही. आमच्या गावच्या शाळेला दारच नव्हतं. गुरं आत येऊन बसायची, गुरुजी त्यांना हाकलायचे आणि आम्ही हसायचो. अनूच्या शाळेत मुलांना एक प्रॅक्टिस देतात. बेल वाजली की टेबलाखाली जायचं, बोलायचं नाही, बोट ओठावर. इतक्या लहान मुलांना खरं कारण कसं सांगणार? त्यांना सांगतात, प्लेग्राउंडवर एक वाईट कुत्रा सुटला आहे, तो जाईपर्यंत गप्प बसायचं.

अनूची मुलगी, माझी पणती इरा, त्याच शाळेत जाते.

गेल्याच्या गेल्या दसऱ्याला इराची पाळी होती. इरा बसायला लागल्यापासून अनू दर दसऱ्याला काही ना काही कारण काढून टाळत होती, ते मला कळत होतं. त्या दिवशी अनू किचनमध्ये पुऱ्या तळत होती तेवढ्यात मी इराला पाटाजवळ बसवलं, बंदूक मांडीत दिली आणि फोन हातात घेतला. पोरीने विचारलं, "पणजोबा, इज इट अ टॉय?"

मला राग आला. टॉय? मी म्हटलं, "खरी आहे! हिने डुकरं मारली आहेत. मोठीमोठी!"

पोरीने हात उचलले. बंदूक पाटावर आदळली. ती रडली नाही, किंचाळली नाही. हळूच सरकत डायनिंग टेबलाखाली गेली, गुडघे पोटाशी घेतले आणि ओठावर बोट ठेवलं. माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती.

अनू पुऱ्यांचा झारा तसाच हातात घेऊन बाहेर आली. टेबलाखाली वाकून बघितलं. मग मला म्हणाली, "आजोबा, हा बंदूक या घरात आहे तोपर्यंत इरा इथे येणार नाही. आय मीन इट."

मी म्हटलं, "तुझाही फोटो आहे. तुला काय झालं?"

"माझं लक होतं, आजोबा."

"नशीब नव्हे. आमच्या घरात शिस्त आहे. रिकामी आहे ती!"

"तुम्ही चेक केलं?"

"मला शिकवतेस? माझ्या बापाची बंदूक आहे."

"ओके," म्हणाली. गॅस बंद केला, पोरीला उचललं, कोट घातला आणि गेली. पुऱ्या अर्ध्या तळलेल्या राहिल्या.

मी नमलो नाही. दिवाळी गेली, ख्रिसमस गेला. सुरेशने एडिनबराहून फोन करून सांगितलं, "बाबा, पोलिसांना फोन करा. घरी येऊन घेऊन जातात, आता बंदुका सरेंडर करायची मोहीम चालू आहे, कोणी काही विचारत नाही." मी म्हटलं, माझ्या दारात पोलीस? शेजारी काय म्हणतील? आणि द्यायची का? नातीने दम दिला म्हणून? मी फोन ठेवला आणि बंदुकीला तेल लावलं. दसरा नव्हता तरी.

इरा मला रविवारी व्हिडिओवर दिसायची. एकदा अनू फोन तिच्या हातात देऊन कुठेतरी गेली. पोर स्क्रीनच्या अगदी जवळ आली, नुसतं नाक दिसत होतं, आणि कुजबुजत म्हणाली, "पणजोबा, तुमच्या घरी अजून डॉग आहे?"

मला काही कळेना. मग कळलं. पणजोबांकडे का जायचं नाही, हे त्या आईला मुलीला सांगता आलं नव्हतं. म्हणून तिने शाळेतलंच कारण दिलं होतं.

मी ऐंशी वर्षांचा माणूस. कस्टमवाल्याला सोडलं तर मी कोणाशी खोटं वागलेलो नाही. मी म्हटलं, "होय."

"चावतो?"

"नाही गं. म्हातारा आहे."

"मग तुम्ही पण टेबलखाली बसा," पोर म्हणाली. "अँड बी व्हेरी क्वायट."

माझी काळजी करत होती ती.

दुसऱ्या दिवशी मी बंदूक उतरवली. फोन नाही केला. अक्कल आली तरी अकड कुठे जाते? आपलं ओझं आपण न्यायचं, एवढंच डोक्यात. ती त्याच गोधडीत गुंडाळली, सुतळीने बांधली आणि बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो. शाळा सुटायची वेळ झाली होती हे लक्षातच आलं नाही. बसचे वरचे-खालचे दोन्ही मजले मुलांनी भरले. ड्रायव्हर म्हणाला, "फिशिंग, सर?" मी मान हलवली. एका पोरीने दप्तर माझ्या पायावर टाकलं, सॉरी म्हणाली आणि वळणावर तोल गेला तेव्हा माझी गोधडीच धरली. मी म्हटलं, "धर, धर, इट्स ओके." ती चिप्स खात होती. तिने मला एक दिली.

पोलीस स्टेशनला एक तरुण बाई होती. गोधडी सोडून दाखवल्यावर तिचा चेहरा बदलला. "सर, तुम्ही हे बसमधून आणलंत?" आवाज वाढवला नाही, पण मला आतल्या खोलीत बसवलं आणि बंदुकांचा जाणकार माणूस बोलावला. तो माझ्याच वयाचा वाटावा असा पिकलेला. त्याने लाकडी काठी घेतली आणि नळीत टाकली. अंगठ्याने खूण धरली. काठी बाहेर काढली आणि नळीला बाहेरून लावून बघितली.

तिथे काय चाललंय हे त्या खोलीत सर्वांत आधी मला कळलं.

काठी तळाला गेली नव्हती. चार बोटं कमी.

"लोडेड आहे, सर," तो म्हणाला. मी म्हटलं, शक्य नाही. त्याने काठी माझ्या हातात दिली, की तुम्हीच टाका. मी टाकली. खाली काहीतरी मऊ, घट्ट लागलं. चिंध्या. माझ्या आईच्या जुन्या लुगड्याच्या असतील. तो म्हणाला, घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, नाही म्हणून वाचलात, पण काळी दारू अशी म्हातारी होत नाही. कोरडी राहिली तर एक ठिणगी पुरे.

निरांजन. मी दरवर्षी तिच्या कानाशी, ठिणगी आत जाते त्या भोकाशी, निरांजन नेत होतो.

बाबांनी असं का केलं? मी खूप विचार केला. आपल्याकडे शेजारणीचं भांडं कोणी रिकामं परत देतं का? निदान चिमूटभर साखर तरी घालतात. बाबांनी बंदूकही रिकामी दिली नसेल. किंवा आदल्या रात्री डुकरासाठी भरली असेल आणि मुलगा निघाला त्या दुःखात विसरले असतील. त्यांचा दोष मी धरत नाही. त्यांनी मला गज दिला होता आणि गजाची विद्याही दिली होती. विद्या मी पाठ ठेवली आणि गज टोमॅटोला लावला. एवढी वर्षं मी तिची पूजा केली, तेल लावलं, लोकांना दाखवली, पोरांच्या मांडीत दिली. तपासली नाही. गज नाही तर झाडूची काठी होती की. पण देवाला कोणी तपासतं का? मी तिला देव करून ठेवलं, तेच चुकलं.

ती पोलीसबाई म्हणाली, "यू हॅव डन द राइट थिंग, सर." मला मुस्काटात मारल्यासारखं झालं. मला बसमधली चिप्स देणारी पोर दिसत होती.

गोधडी तिने नीट घडी करून परत दिली. टॅक्सी बोलावून दिली. घरी येऊन मी हॉलमध्ये उभा राहिलो आणि पहिल्यांदा ते फोटो बघितले. नळीचं तोंड, आणि अनूचा गाल. मग तिला फोन केला.

"दिली," मी म्हटलं. "अनू, भरलेली होती."

 मग म्हणाली, "केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"मी पण?"

"तूही. तुझा बाबाही."

तिने फोन ठेवला. मी धरून बसलो होतो. माफ करा हा शब्द माझ्या तोंडात कधी बसलेला नाही. त्या दिवशी म्हणायला हवा होता, पण ऐकायला पलीकडे कोणी नव्हतं.

काही आठवड्यांनी अनू आली, इराला घेऊन. आधी एकटीच आत आली. भिंत बघितली. बंदुकीच्या आकाराचा तुकडा बाकी भिंतीपेक्षा उजळ राहिला आहे. मग हॉलमधून आपला फोटो काढला आणि म्हणाली, "ही फोटो माझी आहे. मी घेऊन जाते." बॅगेत टाकला. कुठे ठेवला, फाडला की जपला, मी विचारलं नाही. सुरेशचा मी स्वतः उतरवला. आणि माफी मागितली. दाराशी उभ्या उभ्या, तिच्याकडे न बघता. तिने माझी टोपी सरळ केली, एवढंच. माफ केलं असं म्हणाली नाही. मी तशी अपेक्षाही धरत नाही. काही गोष्टी घडल्या नाहीत म्हणून संपत नाहीत.

मंडळी, म्हणून लिहितो. गावाकडे तुळईला लटकलेली असेल, इथे कोणाच्या शेडमध्ये पोराची एअरगन असेल, कपाटावर आजोबांची काही निशाणी असेल. आमची तशी नाही, असं म्हणू नका. मी तेच म्हणत होतो. आजच फोन करा, त्यांना घरी येऊ द्या. शेजारी बघतील तर बघू देत. आणि माझ्यासारखी बसमधून नेऊ नका.

पूर्वी मला कोणी विचारलं की घर म्हणजे काय, तर मी भिंतीकडे बोट करायचो. आता तिथे खिळा आहे. तोही काढणार आहे, हात वर जात नाही म्हणून राहिला आहे.

परवा इरा आली होती. तिने माझ्या आईची ती गोधडी डायनिंग टेबलावर पांघरली, खाली शिरली आणि म्हणाली, हे माझं घर. आतून मोठमोठ्याने गात होती, कपबशा वाजवत होती, कोणाशी तरी भांडत होती. मी किचनमध्ये तिच्याकडे पाठ करून टोमॅटो चिरत बसलो होतो. एकदाही वळून बघावं लागलं नाही.

एवढ्या वर्षांत माझ्या घरात मला मुलाकडे पाठ करून बसता आलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. तेवढ्याला घर म्हणतात. ते मी आत्ता बांधलं.